पाना कुणाच्या हातात?

या वेळचा विषय आहे संडासाची हलणारी सीट. हुंडा, पोटगी, जमिनीतला वाटा, शेतमजूर बाईची मजुरी हे सगळे प्रश्न समोर असताना हे काय मध्येच, असं काहीजणींना वाटेल. पण गेली काही वर्षं मी माळशिरस तालुक्यात, बहुतेक करून वेळापूर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, बचत गटांसोबत काम करते आहे. गटाची बैठक संपते, वह्या मिटतात, चहा येतो आणि मग बायका आपणहून जे बोलू लागतात ते खरं बोलणं असतं. त्यात कर्ज असतं, नवऱ्याची दारू असते, मुलीचं स्थळ असतं आणि अलीकडे हमखास संडास असतो. पूर्वी तो नव्हता म्हणून बोलत, आता आहे पण मोडला आहे म्हणून बोलतात.

आपल्या भागात कमोड आला तो हौसेपायी कमी आणि गुडघ्यांपायी जास्त. सरकारी अनुदानातून जे संडास बांधले गेले त्यात बहुतेक ठिकाणी उकिडवं बसायचं भांडं आहे. घरातल्या म्हाताऱ्या बाईचे गुडघे गेले की तिला त्यावर बसता येत नाही, आणि बसली तर उठता येत नाही. हे गुडघे कशाने गेले? खुरपणीने, वेचणीने, धुण्याने, सारवणाने आणि चुलीपुढच्या बसण्याने. उभं आयुष्य जिने उकिडवं बसून काढलं, तिलाच म्हातारपणी उकिडवं बसता येत नाही. मग मुलगा ऐपतीप्रमाणे व्यवस्था करतो. कुठे टाइल्स लावून खरा कमोड बसतो, कुठे भांड्यावर ठेवायचं प्लॅस्टिकचं स्टूल येतं, कुठे लोखंडी नळीची कमोड खुर्ची येते. "आईसाठी इंग्लिश संडास केला" असं मुलगा चार माणसांत सांगतो, आणि ते कौतुकाचंच आहे. आईचं दुखणं त्याला दिसलं, हे काही थोडं नव्हे.

पुढे वर्ष दोन वर्षांत सीट हलायला लागते आणि तिथून पुढची गोष्ट कुणीच सांगत नाही.

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या घरी मी गेले होते. त्यांच्या कमोडच्या सीटचा एका बाजूचा बोल्ट तुटलेला होता. बसलं की सीट डावीकडे सरकायची. सरकू नये म्हणून आजी उजव्या हाताने भिंतीतला नळ धरून बसत. तो नळही एकदा हातात आला होता. दुपारी चारनंतर त्या पाणी पीत नाहीत आणि रात्री अर्धीच भाकरी खातात, हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. रात्री उठायला लागू नये म्हणून. "अंधारात त्याच्यावर बसायचं म्हंजी जीव मुठीत घेऊन बसायचं," आजी हसत म्हणाल्या. हसत म्हणाल्या म्हणून ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. या वयात संडासात पाय घसरून किंवा तोल जाऊन बाई पडली की खुब्याचं हाड मोडतं. मग ऑपरेशन, महिनोन् महिने अंथरूण, आणि पुष्कळजणी त्यातून पुन्हा पहिल्यासारख्या उठत नाहीत. पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ, तो त्रास वेगळाच.

सुनेला विचारलं, हे कधीपासून?

"दिवाळीपासून."

दिवाळीला तेव्हा चार महिने उलटले होते. दुरुस्त का नाही केलं?

"ह्यांना सांगितलंय."

हे दोन शब्द मी इतक्या घरांत ऐकले आहेत की आता ते ऐकले की मी पुढचा प्रश्न विचारत नाही. ह्यांना सांगितलंय, ते बघू म्हणाले. 'ह्यांना' वेळ नसतो असं नाही. मोटरसायकलचं सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं, विहिरीवरची मोटर जळाली तर रात्रीत माणूस आणून ती बसवली जाते. फरक एवढाच की मोटर बंद पडली तर त्यांचं अडतं. सकाळी शेताकडे जाणारा, गुडघे शाबूत असलेला पुरुष त्या सीटवर बसतच नाही, किंवा बसला तरी दोन मिनिटांचं काम. दिवसातून सात-आठ वेळा तिथे जावं लागतं ते म्हातारीला, गरोदर बाईला, पाळीतल्या मुलीला. वापर ज्यांचा जास्त, त्यांच्या हातात ना पैसा ना पाना.

आणि साफसफाई? ती मात्र बिनबोभाट सुनेची. रोज ब्रश घेऊन ती सीट उचलते, खालून पुसते, पुन्हा टेकवते. कोणता बोल्ट तुटला आहे, कुठून पाणी झिरपतं, सीट किती बोटं सरकते, हे घरात फक्त तिलाच नेमकं माहीत असतं. तरीही "प्लंबरला काय सांगायचं?" हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं प्राचीन देऊळ आहे, शिव आणि पार्वती एकाच देहात, अर्धी ती आणि अर्धा तो. घरातल्या संडासाचीही आपण अशीच वाटणी केली आहे, फक्त ब्रशची बाजू तिची आणि पान्याची बाजू त्याची. ती बाजू तो महिनोन् महिने रिकामी ठेवतो, हा भाग निराळा.

बायकांना यंत्रातलं कळत नाही म्हणून हे असं आहे, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला स्वयंपाकघरात न्यावं. कुकरची रिंग कोण बदलतं? शिटीत अडकलेला भाताचा कण सुईने कोण काढतं? कुकरच्या मुठीचा सैल झालेला स्क्रू सुरीच्या टोकाने कोण आवळतं? शिवणयंत्राचा दोरा तुटत असेल तर ताण कमी-जास्त कोण करतं, स्टोव्हला पिन कोण मारत आलं? वाफेच्या दाबावर चालणारं भांडं जी बाई रोज हाताळते, तिला दोन नट आवळता येणार नाहीत, हे मला पटत नाही. कुकर तिच्या हद्दीतला आणि संडासाचे नट त्याच्या हद्दीतले, एवढाच काय तो अडसर. ही हद्द कुणी आखली, याचं उत्तर या मासिकाच्या वाचकांना मी द्यायला नको.

याला जातीचीही एक बाजू आहे आणि ती बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवा संडास बांधायला गवंडी मिळतो. वापरात असलेल्या संडासाला हात लावायचा म्हटलं की तो "बघतो, सांगतो" करतो. जास्त पैसे देऊनही टाळतो. मैला हाताने उचलण्याच्या कामावर आपल्या देशात १९९३ साली बंदीचा कायदा झाला, तो पुरेसा पडला नाही म्हणून २०१३ साली दुसरा झाला. कायद्याने काम बंद करायला सांगितलं. ते काम 'दुसऱ्या कुणाचं' आहे ही समजूत काही कायद्याने जात नाही. गावात ते दुसरं कुणी म्हणजे ठराविक जातीचा माणूस. घराच्या आत ठराविक जातीचा माणूस येत नाही, म्हणून तिथे ते दुसरं कुणी म्हणजे सून. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला सफाईचं काम करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं, आणि त्यांच्यासाठी गांधीजीही उपोषणाला बसले होते. ती गोष्ट मोठीच आहे. पण उपोषण न करता, कुणी न विचारता, रोज ते काम करणाऱ्या लाखो बायांचं नाव कुठल्या इतिहासात आलं? आता तर घाण काढण्याच्या कामात कसला कमीपणा नाही असं आपण त्यांना वर ऐकवतो, आणि पाना मात्र खुंटीला वर टांगून ठेवतो.

तर तो पाना खाली काढू या. मी प्लंबर नाही, पण गटातल्या बायकांसोबत आम्ही हे करून पाहिलं आहे, त्यातलं उपयोगी तेवढं सांगते.

आधी बघायचं की हलतंय काय. नुसती सीट हलते आहे, की अख्खा कमोडच हलतो आहे? दोन्ही हातांनी भांडं धरून हलवून पाहा. भांडंच हलत असेल तर जमिनीतले स्क्रू सुटले आहेत किंवा बुडाचं सिमेंट निघालं आहे. त्याला प्लंबर नाहीतर गवंडी लागतोच. तसंच वापरत राहिलं तर खालचा सांधा उखडून घाण पाणी फरशीखाली मुरतं. चिनी मातीच्या भांड्याला तडा गेला असेल तर एम-सील लावून ते वापरू नका. वजन पडलं की तडा उघडतो आणि त्याची धार सुरीसारखी लागते. ते भांडं बदलायलाच हवं.

नुसती सीट हलत असेल तर काम सोपं आहे. सीट मागच्या बाजूला दोन बोल्टांवर बसवलेली असते. बोल्टाचं डोकं वर, बिजागरीपाशी, बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या छोट्या टोपणाखाली लपलेलं असतं. नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने टोपण उचललं की दिसतं. त्याचा नट भांड्याच्या कडेखाली असतो. सीट मधोमध आणून ठेवा, वरून बोल्ट धरा आणि खालचा नट हाताने फिरवून घट्ट करा. हाताने फिरेनासा झाला की पक्कड किंवा पाना लावून अगदी थोडा, पाव फेरा. जोर लावायचा नाही. जास्त आवळलं तर भांड्याला तडा जातो, हे पुरुष प्लंबरांकडूनही होतं. नट आणि भांडं यांच्यामध्ये रबरी वायसर असतो. तो झिजला किंवा पडून गेला असेल तर सीट कितीही आवळली तरी आठ दिवसांत पुन्हा हलते. पुष्कळ घरांत सगळा दोष त्या दोन वायसरांचा असतो.

जुना लोखंडी बोल्ट गंजून बसला असेल तर रात्री त्यावर थोडं तेल सोडून ठेवायचं आणि सकाळी पाहायचं. तरी निघाला नाही तर हॅक्सॉचं पातं लावून कापायचा. कापताना भांड्यावर जाड पुठ्ठा किंवा फडकं धरायचं म्हणजे ओरखडे येत नाहीत. बदली बोल्ट घेताना लोखंडी घेऊ नका, तो ओलीत गंजणारच. पितळी, स्टीलचा किंवा चांगल्या प्लॅस्टिकचा घ्या. हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट-नट-वायसरचा जोड वेगळा मिळतो, आणि "वेगळा मिळत नाही, पूर्ण सीटच घ्या" असं एका दुकानदाराने सांगितलं तर दुसऱ्या दुकानात विचारा. भिंतीला टांगलेल्या कमोडला खालून हात जात नाही, त्याचे बोल्ट वरूनच आवळायचे असतात. त्याचा प्रकार वेगळा, तेव्हा दुकानात तसं सांगायचं.

सीटच फुटली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. फटीत कातडी चिमटते आणि पट्टीखाली घाण साठते. नवी आणण्याआधी शिवणाची टेप घ्या, ती प्रत्येकीच्या घरात असते. तीन मापं लिहा: दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, भोकांच्या रेषेपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी, आणि भांड्याची जास्तीत जास्त रुंदी. शिवाय एक कागद भांड्यावर ठेवून त्याचा आकार पेन्सिलीने काढून घ्या. ब्लाउजचं माप देतो तसंच. सीट कंपनीगणिक वेगळी असते, आणि माप न घेता अकलूजच्या बाजारातून आणलेल्या सीटा परत न्यायला दुसरी खेप पडते. खेप पडली की "बघू" म्हणायला पुन्हा निमित्त मिळतं.

लोखंडी कमोड खुर्ची असेल तर तिच्या पायांच्या रबरी टोप्या दर महिन्याला बघा. त्या झिजल्या की नळी थेट टाइल्सवर येते आणि खुर्ची घसरते. म्हाताऱ्यांच्या काठीला लागतात तशाच या टोप्या असतात आणि अगदी थोडक्या पैशांत मिळतात. आणि नळाला धरून बसणाऱ्या आजींसाठी भिंतीत एक मजबूत दांडा बसवा. नळ अंगाचा भार पेलण्यासाठी केलेला नसतो.

हे झालं घरातलं. पण ज्या व्यवस्थेने संडास दिले तिलाही दुरुस्ती हा शब्द फारसा ठाऊक नाही. ग्रामस्वच्छता अभियानात गावं सजली, निर्मलग्रामच्या पाट्या लागल्या. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, घरटी संडासासाठी बारा हजार रुपये ठरले, २०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. या कामाचं महत्त्व मी कमी करणार नाही. पहाटेच्या अंधारात नाहीतर रात्री झुडपाआड बसायची सक्ती ज्यांनी भोगली त्याच बायका या बारा हजारांची किंमत सांगू शकतील. पण मोजले गेले ते बांधलेले संडास. फोटो काढला गेला तो नव्या दाराचा. त्या दाराची कडी दुसऱ्या वर्षी निघाली, हे कुठल्या रकान्यात भरायचं? एका शाळेत मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, म्हणून मुली जोडीने जात, एक आत आणि एक दार धरून बाहेर. मधल्या सुट्टीत जोडीदारीण मिळाली नाही तर ती मुलगी घरी जाईपर्यंत कळ काढायची. कडीचा खर्च मुख्याध्यापकांच्या चहापाण्याहून अधिक नसेल.

दुरुस्तीला पैसा नाही, हे दर वेळी खरं नसतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी साठ टक्के रक्कम बंधित होती. त्यातला निम्मा वाटा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी व हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. 'टिकवण्यासाठी' हा शब्द सरकारी कागदावरच आहे. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला-बालकल्याणावर आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शाळेतली कडी, अंगणवाडीतलं फुटकं भांडं, गुडघे निकामी झालेल्या दिव्यांग बाईसाठी कमोड खुर्ची, हे विषय त्यात मांडायला काय हरकत आहे? हळदीकुंकवाच्या वाणावर आणि शिलाई यंत्र वाटपाच्या फोटोवरच तो निधी संपावा, असं कुठे लिहिलेलं नाही.

देखभाल आधीच धरून काम केलं तर काय होतं याचं उदाहरण पुण्यात आहे. १९९९ साली रत्नाकर गायकवाड पुण्याचे महापालिका आयुक्त असताना झोपडवस्त्यांतली सार्वजनिक शौचालयं बांधण्याचं काम स्वयंसेवी संस्थांना देण्यात आलं. स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन यांनी त्यातलं बरंच काम घेतलं. महिला मिलनच्या बाया वस्तीत राहणाऱ्या, कित्येकजणी निरक्षर, पण ठेकेदारी त्यांनी पेलली. बांधकामाबरोबर पुढची निगा राखणंही त्या कामात धरलेलं होतं. काही ठिकाणी निगा राखणाऱ्या कुटुंबासाठी तिथेच खोली काढली, लहान मुलांसाठी वेगळे छोटे संडास केले. रोज रांगेत उभं राहणारी बाई आराखड्याजवळ पोचली की कडी, बादली, मूल आणि उजेड हे सगळं आराखड्यात येतं.

आपल्याकडेही दरवर्षी एकदा हे घडतं. आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते तेव्हा फिरती शौचालयं रांगेने उभी राहतात, पाण्याचे टँकर येतात, पुसायला आणि पाहायला माणसं नेमलेली असतात. वारीत चालणाऱ्या बायकांना त्याचा केवढा आधार होतो ते मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी पालखी भंडीशेगावकडे निघते आणि तो सरंजामही तिच्या मागे जातो. एका रात्रीसाठी माणूस नेमता येतो, हे यावरून दिसतं. उरलेल्या दिवसांसाठी तो का नेमता येत नाही, हे विचारायला हवं.

आणि तो माणूस बाई का असू नये? उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात 'महिला समाख्या' कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पुढे त्यातूनच 'वनांगना' ही संघटना उभी राहिली. पंपाचे जड पाइप ओढणं हे सीटचे दोन बोल्ट आवळण्यापेक्षा कितीतरी अवघड, शिवाय खालच्या जातीच्या बाईने पाण्याच्या पंपाला हात लावणं गावाला खपत नव्हतं ते वेगळंच. झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या काळात संडास बांधणाऱ्या बायका 'राणी मिस्त्री' म्हणून ओळखल्या गेल्या. आपल्या बचत गटांना मात्र पापड, लोणची, मसाले आणि फार तर शेळ्या. संडास दुरुस्तीचं प्रशिक्षण द्या अशी मागणी मी एका बैठकीत केली, तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, "बायकांना ते शोभेल का?" साफ करायला शोभतं, आवळायला शोभत नाही!

आमच्या एका गटाने व्याजाच्या रकमेतून पेटी घेतली आहे. तिच्यात दोन पाने, एक पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, हॅक्सॉची पाती, मोजपट्टी, रबरी वायसरांची पुडी, दोन कड्या आणि रबरी हातमोजे आहेत. पेटी अध्यक्षीणबाईंच्या घरी असते आणि जिला हवी तिने वहीत सही करून न्यायची. आजींच्या कमोडचे दोन्ही बोल्ट त्यांच्या सुनेनेच बदलले. मी नुसती बॅटरी धरली होती. काम चाललेलं असताना तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला, थोडा वेळ पाहिलं, आणि "अगं, जरा डावीकडं घे" म्हणाला. तिने डावीकडे घेतलं नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, घरोघरी सह्या फिरतात. येत्या सभेला सही देण्याआधी गावातल्या बायकांनी एक यादी करून न्यावी, असं आमच्या गटांत ठरलं आहे: शाळा, अंगणवाडी, दवाखाना, एस.टी. थांबा, बाजार, प्रत्येक ठिकाणी बायकांचा संडास उघडा आहे का, आतून कडी लागते का, पाणी आहे का, भांडं किंवा सीट धड आहे का, आणि बिघडलं तर कुणाला सांगायचं त्याचं नाव भिंतीवर लिहिलं आहे का. यादी मोठ्याने वाचायची आणि इतिवृत्तात घ्यायला लावायची. तुमच्या गावची यादी झाली की तिची नक्कल आमच्याकडे जरूर पाठवा.